कोकोला बेसनासारखं वागवा

तुमचा प्रश्न थोडक्यात असा, की ऑगस्टमध्ये पुण्याहून इथे नेदरलँड्समध्ये ॲमस्टेलव्हेनला आलात, इथला पहिलाच ऑटम, मुलं सकाळी अंधारात उठायला कुरकुरतात म्हणून हॉट चॉकलेटचं आमिष दाखवता, पण एकतर कोको वर तरंगतो आणि गुठळ्या होतात नाहीतर नुसतं गोड तपकिरी दूध होतं, कॅफेतल्यासारखं जाडसर काही होत नाही. शिवाय कोको कुठला घ्यायचा, इंडियातून आणलेला ड्रिंकिंग चॉकलेटचा डबा चालेल का, दहा मिनिटांत हे सगळं कसं बसवायचं आणि थर्मासमध्ये देता येईल का. मी गेली अकरा वर्षं झानदामला एका छोट्या बेकरी-कॅफेच्या किचनमध्ये आहे, ऑक्टोबर ते मार्च दिवसाला पन्नास-साठ कप तरी माझ्या हातून जातात, त्यामुळे जरा लांबण लागणार आहे, चहा घेऊन बसा.

पहिलं म्हणजे आपण सगळे दुधात पावडर टाकायची, चमचा फिरवायचा आणि प्यायचं या सवयीत वाढलोय. ती बोर्नव्हिटा टाइप पावडर विरघळते कारण तिच्यात साखर आणि माल्ट भरपूर असतं, आणि ती विरघळावी अशीच बनवलेली असते. कोको विरघळत नाही. कितीही ढवळा, कितीही महागाचा आणा. कोको म्हणजे आंबवून, भाजून, दळलेली बी, तिच्यातलं बरचसं तूप दाबून काढलेलं, उरलेल्या पेंडीचं पीठ. पीठच आहे ते! त्यात स्टार्च आहे, तंतू आहेत आणि थोडं तूप अजून शिल्लक आहे, त्या तुपामुळे पाणी किंवा दूध त्याच्या अंगाला लगेच लागत नाही. म्हणून उकळत्या दुधात कोको टाकला की गोळ्याच्या बाहेरचा थर भिजून चिकट होतो आणि आत कोरडं पीठ तसंच अडकून राहतं. पिठल्याला आपण बेसन आधी पाण्यात कालवून घेतो ते याचसाठी ना? आता पीठ पेरून पिठलं करणारेही आहेत आणि त्यातल्या गाठी आवडीने खाणारेही आहेत (आमच्याकडे सासरे), पण कपात गाठी कुणालाच नको असतात.

मला हे सगळं येत होतं असं समजू नका. पहिल्या वर्षी आमचं घर झान नदीच्या जवळ होतं, त्या भागात कोकोचे कारखाने आहेत, आणि वारा त्या बाजूचा असला की सकाळी दार उघडल्या उघडल्या भाजलेल्या कोकोचा वास येतो, गोड नाही, जरा आंबूस-कडवट, जळक्या ब्रेडच्या जवळपास जाणारा. ऑक्टोबरच्या शेवटच्या आठवड्यात तर घड्याळं बदलेपर्यंत सव्वाआठ वाजले तरी उजाडत नाही, वर धुकं आणि त्यात हा वास, आपोआपच हॉट चॉकलेट करावंसं वाटतं. मी केलं ते असं, की दूध उकळलं, वरून दोन चमचे कोको टाकला आणि पुढचा अर्धा तास गाळणीने गोळे काढत बसले. शेजारच्या आजी, तेव्हाच त्यांची ऐंशी उलटली होती, काहीतरी मागायला आल्या होत्या, त्यांनी ते पातेलं बघितलं आणि काही न बोलता माझ्या हातातून चमचा घेतला. नवा कप, त्यात कोको, साखर, गार दुधाचा जेमतेम एक घोट, आणि चमच्याच्या पाठीने कपाच्या भिंतीवर घासत बसल्या. डच भाषेत त्याला पाप्ये म्हणतात. पाप म्हणजे खीर, लापशी, पेज असलं काहीतरी, आणि पाप्ये म्हणजे छोटीशी पेज. आजींचं पाप्ये म्हणजे आपलं बेसन कालवणंच. मी तिथेच हसायला लागले, त्यांना कळेना का.

आता रीत सांगते, दोन मोठ्या कपांची. वजनकाटा असेल तर तो वापरा, कोकोचा चमचा हा फार फसवा प्रकार आहे, दाबून भरला तर दुप्पट येतो. कोको १८ ग्रॅम, म्हणजे पोह्याच्या मोठ्या चमच्याने दोन शीग भरून. साखर २० ते २५ ग्रॅम, इथली ती ओलसर ब्राऊन बास्टर्डसाउकर मिळते ती छान लागते. मीठ चिमूटभर, हे विसरू नका, मीठ नसेल तर कितीही कोको घातला तरी चव फिकीच वाटते. डार्क चॉकलेट ५५-६० टक्क्यांचं, ३० ग्रॅम, बारीक चिरून. दूध ४०० मिली.

पातेल्यात आधी कोको, साखर आणि मीठ कोरडंच चमच्याने एकत्र करा. साखरेचे दाणे कोकोच्या कणांमध्ये शिरतात आणि पुढच्या गुठळ्या इथेच निम्म्या कमी होतात. मग त्यात साधारण ६० मिली कडकडीत पाणी, एकदम नाही, आधी निम्मं. घाटायला लागा. पहिले पाच-सात सेकंद ते वाळूसारखं कोरडं राहतं आणि वाटतं की पाणी कमी पडलं, तिथे पाणी ओतू नका, घाटत राहा. मग एका क्षणी ते गोळा होऊन चमच्याला चिकटतं, आणखी थोडं पाणी, आणि मग बघा, रंग अचानक दोन शेड गडद होतो आणि वर चकाकी येते, चमचा उचलला की रिबिनीसारखं पडतं. ही चकाकी आली म्हणजे कणन् कण ओला झाला. चकाकी येत नाही तोवर दुधाला हात लावायचा नाही. वासही बदलतो, डब्यातला धुळकट वास जाऊन चॉकलेटचा यायला लागतो. गार दुधातही हे होतं, आजी तसंच करायच्या, पण गरम पाण्याने ते तूप मऊ होतं त्यामुळे काम पटकन होतं आणि वास जास्त खुलतो असा माझा अनुभव आहे.

आता पातेलं मंद आचेवर ठेवा आणि ही पेस्ट एक मिनिट नुसती शिजू द्या, बुडबुडे येऊ देत, ढवळत राहा. मग दूध, आधी एक पळीभर, ते एकजीव झालं की बाकीचं. मध्यम आचेवर कडेने बारीक बुडबुडे येईपर्यंत तापवा, खदखदा उकळू नका, पण नुसतं गरम करूनही सोडू नका, कडेला बुडबुडे दिसायला लागल्यावर दोन मिनिटं तिथेच धरा. ही दोन मिनिटं सगळेजण खातात. कोकोतला स्टार्च गरम दुधात फुगायला वेळ लागतो, तो फुगला की दुधाला अंग येतं. कच्चं पिठलं आणि शिजलेलं पिठलं यात जो फरक आहे तोच इथे. गॅस बंद, मग चिरलेलं चॉकलेट टाका, अर्धा मिनिट हात लावू नका, त्याला वितळू दे, आणि मग जोरात घुसळा.

चॉकलेट सगळ्यात शेवटी का, तर चॉकलेट खाली बसून लागतं, करपतं, आणि एकदा करपलेला वास आला की काही करता येत नाही. काही जण आधी मायक्रोवेव्हमध्ये चॉकलेट वितळवतात आणि त्यात चमचाभर दूध घालतात, ते लगेच रव्यासारखं दाणेदार घट्ट होतं आणि मग फेकून देतात. फेकू नका, थोडक्या पाण्याने ते असंच आखडतं, आणखी गरम दूध घातलं की परत मोकळं होतं. सवयीची चूक आहे, मीही खूप चॉकलेट असं कचऱ्यात घातलंय.

दूध तळाला लागू नये म्हणून तुमच्या आईने सांगितलेलंच करा, पातेल्यात आधी गार पाणी फिरवून ओतून टाका. पेस्ट त्याच पातेल्यात करणार असाल तर त्याची गरज नाही, पण बूड जाड हवं. इथे फर्निश्ड घरात मिळतात ती पत्र्यासारखी हलकी भांडी, त्यात मंद आच हाच उपाय.

कॅफेसारखं जाड होत नाही म्हणालात, त्याचं अर्धं उत्तर त्या दोन मिनिटांत आलं. उरलेलं अर्धं असं, की कुठल्या कॅफेसारखं? कारण इथल्या बऱ्याच ठिकाणी वार्मे शोकोलाडेमेल्क म्हणून जे मिळतं ते बाटलीतलं तयार चॉकलेट दूध वाफेवर गरम करून वर स्लाखरोमचा, म्हणजे फेटलेल्या गोड क्रीमचा डोंगर. त्या क्रीममुळे ते श्रीमंत वाटतं, खालचं दूध पातळच असतं. तसं हवं असेल तर क्रीम फेटा आणि मोकळे व्हा. तुम्हाला जर स्पेनमध्ये चुरोससोबत देतात किंवा इटलीत मिळतं तसं चमच्याने खायचं जाड हवं असेल तर ती वेगळी जात आहे, तिथे कॉर्नफ्लोअर लागतं. वरच्या मापाला दोन चहाचे चमचे, गार दुधात कालवून, दूध तापत आलं की घालायचं आणि एक उकळी येऊ द्यायची, उकळी नाही आली तर पिठूळ लागतं. मला स्वतःला ते रविवारी दुपारी आवडतं. सकाळी साडेसातला ते पोटात घालून सायकलवर बसणं, तेही समोरून वारा असताना, मी एकदा केलंय, परत नाही.

आता कोको कुठला, इथे जरा थांबते कारण बाजारात सगळ्यात जास्त घोळ याच्यावर आहे. तुम्ही ज्या देशात आलात तिथेच हे प्रकरण सुरू झालंय. आधी चॉकलेट प्यायचे ते अख्ख्या बियांचं, बीमध्ये निम्म्याच्या आसपास तूप, त्यामुळे पेयावर तेलाचा तवंग यायचा. १८२८ साली हॉलंडमध्ये कास्पारुस व्हान हाउटन यांनी ते तूप दाबून काढायच्या प्रेसचं पेटंट घेतलं, तूप वेगळं आणि पेंड वेगळी, त्या पेंडीची पावडर म्हणजे आपला कोको. त्यांचा मुलगा कुनराड याने कोकोवर अल्कली, म्हणजे आपल्या पापडखाराच्या जातीचा क्षार वापरायची पद्धत आणली, त्याने कोकोचा आंबटपणा जातो, रंग गडद होतो आणि तो पाण्यात-दुधात जरा सहज मिसळतो. त्यालाच जगभर डच कोको म्हणतात. तुमच्या सुपरमार्केटमध्ये जो साधा कोको आहे तो बहुतेक असाच असणार, आणि हॉट चॉकलेटला हाच घ्या. दुसरा तो नॅचरल कोको, तांबूस रंगाचा, चवीला आंबट-तुरट, सोडा घालून केक करायचा असेल तर तो उत्तम, दुधात मला नाही आवडत, पण प्यायचाच असेल तर साखर थोडी वाढवा.

ओळखायचं कसं, तर डबा फिरवून घटक वाचा. पोटॅशियम कार्बोनेट किंवा ५०१ असा आकडा, म्हणजे इथे ई ५०१ आणि इंडियाच्या डब्यावर आयएनएस ५०१, दिसला की तो अल्कलीवाला. फक्त कोको लिहिलं असेल तर नॅचरल. दुसरी गोष्ट तिथेच न्यूट्रिशनच्या तक्त्यात बघा, १०० ग्रॅममागे फॅट किती. १०-१२ असेल तर तो कोरडा कोको, २०-२२ असेल तर तूपवाला. हॉट चॉकलेटला २०-२२ वाला घ्या, तोंडात जी भरीव चव लागते ती त्या तुपाची. आमच्या किचनमध्ये एकदा मालकिणीने स्वस्त पडतो म्हणून कोरडा आणला होता, हेही सांगायला हवं की २०२४ मध्ये कोकोचा भाव टनाला दहा हजार डॉलरच्या वर गेला होता, पश्चिम आफ्रिकेत पीक बसलं आणि सगळ्या जगाचं बजेट बिघडलं, तर तिचंही बरोबर होतं. पण चार दिवसांत नेहमीचे म्हातारे-कोतारे गिऱ्हाईक विचारायला लागले, दूध बदललंत का? दूध तेच होतं. आणि ते जे काळं कुळकुळीत ब्लॅक कोको म्हणून मिळतं ते क्रीमच्या बिस्किटासाठी, त्याला रंग आहे, चॉकलेटची चव फारशी नाही, नादी लागू नका.

इंडियातून आणलेल्या डब्याचं उत्तर सोपं आहे, घटकांत पहिलं नाव साखर असेल तर तो कोको नाही, कोको लावलेली साखर आहे. चालेल, पण मग त्यात वेगळी साखर घालू नका आणि एक चमचा खरा कोको वरून मिसळा, संपेपर्यंत असं वापरा. आणि हो, तिकडच्या बेकिंगच्या दुकानात जो डार्क कंपाऊंडचा स्वस्त स्लॅब मिळतो तो हॉट चॉकलेटमध्ये टाकू नका, त्यात कोकोच्या तुपाऐवजी दुसरी वनस्पती चरबी असते. कोकोचं तूप ३४ अंशाच्या आसपास, म्हणजे तोंडातल्या उबेवर वितळतं, ही चरबी टाळूला मेणासारखी धरून बसते, पाणी प्यायलं तरी जात नाही.

दूध इथलं फोले मेल्क घ्या, साडेतीन टक्केवालं. हाल्फफोले दीड टक्क्याचं, त्याने पातळच होणार, घरात तेच असेल तर चॉकलेट दहा ग्रॅमने वाढवा. दिवाळीला साताऱ्याला गेले होते तेव्हा म्हशीच्या दुधाचं केलं, सहा-सात टक्के फॅट, चॉकलेट निम्मं केलं तरी बासुंदीच्या वाटेला लागलं होतं, घरच्यांना प्रचंड आवडलं, मला एका कपात जेवण झालं. ओटचं दूध घेणारे हल्ली आमच्याकडे बरेच आहेत, त्याची चव कोकोशी खरंच जुळते, पण ते उकळायचं नाही, ओटमधला स्टार्च जास्त तापला की बुळबुळीत होतं. पेस्ट नीट शिजवून घ्यायची, ओटचं दूध वेगळं गरम करून ओतायचं, झालं. बदामाचं मला पाणचट वाटतं.

मसाले. दालचिनीची पूड घालू नका, ती वर तरंगते आणि भिजून चिकट होते, काडी घ्या, दुधाबरोबर तापवा आणि काढून टाका. जायफळ चाकूच्या टोकावर मावेल एवढंच. वेलदोड्याबद्दल आपल्या लोकांशी माझं भांडण आहे, एक दाणा जास्त झाला की हॉट चॉकलेट न राहता चॉकलेटची खीर होते. सुंठ मात्र घाला, सर्दी असेल तर सुंठ आणि दोन मिऱ्यांची भरड, मेक्सिकोत तर कोकोत तिखट घालायची चाल जुनी आहे. अगदीच चव खोल करायची असेल तर पाव चमचा इन्स्टंट कॉफी, मुलांच्या कपात नको. गूळ घालायचा असेल तर गॅस बंद करून दोन मिनिटांनी, उकळत्या दुधात गूळ टाकला की दूध फाटायचा धोका आहे हे तुम्हाला माहीतच असेल.

फेसासाठी लोक बॅटरीवरचे फ्रॉदर घेतात, घ्या, पण बॅगेत रवी आणली असेल तर ती काढा! मेक्सिकोत चॉकलेट घुसळायला मोलिनियो नावाची लाकडी काठी असते, खाली नक्षीची कडी-कडी असलेली गड्डी, आणि ती दोन तळहातांमध्ये धरून फिरवतात, मी पहिल्यांदा बघितली तेव्हा वाटलं, ही तर आमची ताक करायची छोटी रवी. पातेलं जरा तिरकं करून तीस-चाळीस वेळा फिरवा, वर बारीक दाट फेस येतो आणि सायही धरत नाही. साय आपल्याला आवडते पण इथल्या मुलांच्या वरच्या ओठाला कोकोची साय चिकटली की ती रडतात, तुमची बिघडेपर्यंत वेळ आहे.

आता दहा मिनिटांचं गणित. कॅफेतली खरी गंमत ही आहे की आम्हीसुद्धा प्रत्येक कपाला पेस्ट घाटत बसत नाही, सकाळी सहाला एकदाच भांडंभर सिरप करून ठेवतो. घरी रविवारी करा. कोको १०० ग्रॅम, साखर १५० ग्रॅम, पाव चमचा मीठ, पाणी २०० मिली. तसंच, कोरडं एकत्र करा, गरम पाणी थोडं थोडं घालून चकाकी आणा, मग मंद आचेवर तीन मिनिटं ढवळत शिजवा, तळ सोडू नका. गार झालं की स्वच्छ कोरड्या काचेच्या बरणीत भरून फ्रिजमध्ये, दोन आठवडे आरामात राहतं, चमचा मात्र दर वेळी कोरडा. फ्रिजमध्ये ते नागलीच्या सत्त्वासारखं घट्ट होतं, घाबरू नका. एवढ्यात दहा-अकरा कप होतात. सकाळी एका कपाला दोन टेबलस्पून सिरप आणि १८० मिली दूध पातेल्यात एकत्र, तापेपर्यंत मुलांचे मोजे शोधा, कडेला बुडबुडे आले की दोन मिनिटं, रवी फिरवा, कपात. जास्त लाड करायचे असतील तर कपाच्या तळाशी चॉकलेटची एक वडी ठेवून वरून ओता. चार-पाच मिनिटांत होतं, मी घड्याळ लावून बघितलंय.

कपात ओतताना फार गरम देऊ नका, मोठ्यांना ६०-६५ अंश ठीक आहे, मुलांना ५०-५५, चव पण तिथेच जास्त कळते. झोपेचं म्हणाल तर कोकोत थोडं कॅफिन असतं, एका कपाच्या ९ ग्रॅम कोकोत साधारण २० मिलिग्रॅम, कॉफीच्या कपाच्या मानाने पाव-पंचमांश, सकाळी काही हरकत नाही, रात्री लहानांना मी देत नाही. उरलेलं कुत्र्याला मात्र कधीही घालू नका, कोकोतलं थिओब्रोमिन त्यांना बाधतं. साखर हळूहळू कमी करत न्या, आठवड्याला सिरपमध्ये दहा ग्रॅम, मुलांना पत्ता लागत नाही, आमच्या घरी १५० वरून १०० वर आले आणि मग पकडली गेले.

राहिला थर्मास. देता येतो, पण आधी त्यात उकळतं पाणी पाच मिनिटं भरून ठेवा, ओतून टाका आणि मगच हॉट चॉकलेट भरा, ते चांगलं कडकडीत असायला हवं. आणि दोन-तीन तासांत, म्हणजे सकाळच्या छोट्या सुट्टीत, संपलं पाहिजे, दूध आहे ते, कोमट होऊन दुपारपर्यंत पडून राहिलेलं पिऊ देऊ नका. थर्माससाठी कॉर्नफ्लोअर नको आणि चॉकलेटची वडीही नको, नुसतं सिरप आणि दूध, कारण गार व्हायला लागलं की जाड होऊन झाकणाच्या नळीत अडकतं. कोको खाली बसणारच, त्यामुळे मुलांना सांगून ठेवा की उघडायच्या आधी बाटली एकदा उलटी-सुलटी करायची, घट्ट बंद असताना. ११ नोव्हेंबरला संध्याकाळी तुमच्याकडेही पोरं कंदील घेऊन गाणी म्हणत दारोदार फिरताना दिसली, सिंट मार्टेन म्हणतात त्याला, तर बरोबर आलेल्या आईबापांसाठी याच मापाचा एक थर्मास दाराशी ठेवून बघा, तीन पट करा, मी गेल्या वर्षी दुप्पट केलं होतं ते पावणेसातलाच संपलं. आणि पातेलं लगेच पाण्यात टाका, वाळलेला कोको घासायला बेसनापेक्षा वाईट.